गरम चहा, गार जीभ

१

सोमवारी सकाळी मी मागचं दार उघडलं तर पायरीवर एनॉक थ्वेट उभा होता. त्याच्या हातात बुटांचं खोकं होतं, आणि खोक्यात त्याच्या बायकोच्या लोकरी मफलरवर डॉट मरून पडली होती.

डॉट ही त्याची थोरली फेरेट. हातभर लांब, मुंगसाच्या चणीची, सायीच्या रंगाची. एनॉकच्या विनीने तिला पिल्लू असताना बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. विनीला जाऊन दोन वर्षं झाली, डॉट मागे राहिली होती.

झोपली असेल, असं मी म्हणून बघितलं. फेरेटची झोप इतकी गाढ असते की नवखा पाळणारा खांद्यावर घेऊन रडत सुटतो. पण एनॉक नवखा नव्हता, खाणीत उतरायला लागला त्याच्याही आधीपासून तो फेरेट पाळतोय. मी डॉटला उचललं आणि तशीच खाली ठेवली. अंग ताठ झालं होतं. पोटावरच्या केसांच्या चिकट बटा झाल्या होत्या. उलटी झाली असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं, आणि तिथेच चुकले. पंजे मात्र स्वच्छ होते, नखं नुकतीच कापलेली. ते बघून मला जास्तच वाईट वाटलं.

दुसरी फेरेट पर्ल. तिला पहाटे झटके आले होते आणि ती जनावरांच्या दवाखान्यात होती. तिसरी नेटल ठणठणीत होती. एनॉकच्या कोटाच्या दोन बटणांमधून तोंड बाहेर काढून ती मला कुठे चावता येईल ते बघत होती.

"लेनर्डनं विष घातलं," एनॉक म्हणाला.

लेनर्ड हेपवर्थ त्याचा शेजारी. दोघांनी एकाच पाळीत तीस वर्षं कोळसा काढला, संप केला तोही एकत्र, आणि विनीची शवपेटी उचलताना लेनर्ड पुढच्या बाजूला होता. गेल्या ऑक्टोबरात डॉट त्याच्या कबुतरांच्या ढाबळीत शिरली आणि तिने त्याची शर्यती जिंकणारी मादी मारली. तेव्हा लेनर्डने क्लबात सगळ्यांदेखत सांगितलं होतं की एकेकीला विष घालीन. त्या दिवसापासून दोघांमधलं बोलणं बंद होतं.

एनॉकने आता गावच्या भाजीच्या वाफ्यांच्या कमिटीला तक्रारीची चिठ्ठी लिहिली होती. लेनर्डची ढाबळ सामायिक वाफ्यांच्या जमिनीवर उभी होती. शनिवारी मतदान झालं की ती पाडावी लागणार, चाळीस कबुतरं विकावी लागणार. त्या कबुतरांवाचून लेनर्डचं जगात कुणीही नव्हतं.

"शनिवारपर्यंत मला दे," मी म्हणाले. "त्यानंच केलं असेल तर पहिलं मत माझं."

एनॉकने नेटलला माझ्या हातात दिलं. तिने माझ्या अंगठ्याचा ताबडतोब समाचार घेतला.

"हिला सांभाळ," तो म्हणाला. "विष अजून माझ्या घरात आहे की नाही, मला काय कळणार?"

२

मला आमच्या हॅगबरोत फेरेटवाली डोरीन म्हणतात. पाठीमागे नाकखुपशी डोरीन म्हणतात, तेही मला माहीत आहे. लोकांनी टाकलेल्या फेरेट मी मागच्या अंगणात सांभाळते. कुणाला त्यातली हवी असेल तर आधी मी त्याच्या घरी जाते आणि सगळ्या खोल्यांतून पोटावर सरपटते.

घर फेरेटच्या उंचीवरून बघावं लागतं. उभ्या माणसाला जे दिसत नाही ते तिथून दिसतं. दोन बोटं जातील एवढ्या भोकातून फेरेट जाते. मागे कलणाऱ्या आरामखुर्चीच्या पोटात ती झोपते आणि माणूस आरामात पाय लांब करतो तेव्हा चिरडते. धुण्याच्या मशीनमध्ये उबदार कपड्यांत शिरते. रबर दिसलं की खाते आणि आतडं तुंबून मरते. एनॉकच्या घरी मी हे सगळं चार वर्षांपूर्वीच उरकलं होतं. खुर्ची हाकलून दिली होती, कपाटांना कड्या लावल्या होत्या, आणि तो पाठ वळवून मला शिव्या घालत होता.

आताही मी त्याच्या स्वयंपाकघरात आडवी झाले. गुडघ्यांनी माझा उद्धार केला. कड्या जागच्या जागी होत्या. फरशी पुसण्याचं औषध, नळ मोकळा करायची पूड, गोळ्या, सगळं वर, दाराआड. जमिनीवर दाणा नाही, गोळी नाही, ओला डाग नाही. मग चुलीच्या मागे हात घातला आणि फेरेटचा खजिना हाताला लागला. चोरून लपवल्याशिवाय फेरेटचा दिवस जात नाही, आणि कुठल्याही घराची खरी हकीकत त्या ढिगात सापडते.

तीन मोजे निघाले, तिन्ही वेगळे. विनीचं शिवणाचं टोपण निघालं. ते एनॉकने माझ्या हातून घेतलं आणि खिशात टाकलं. गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी निघाली. ती मी उजेडात धरून उलटसुलट बघितली, पण दातांची एकही खूण नव्हती, सगळ्या गोळ्या शाबूत. शेवटी कागदाचा एक चुरगळलेला तुकडा निघाला, बाटलीवरचं लेबल असावं. त्यावर पांढऱ्या बुंध्याचं एक झाड होतं आणि बाकी सगळं फाटलेलं.

"हे कशाचं?"

एनॉकला माहीत नव्हतं. तो चहा करत होता. विनीच्या वेळचा पाकाचा पत्र्याचा डबा त्याने पुढे ओढला आणि आपल्या कपात दोन चमचे सोडले. मी बिनसाखरेचा पिते, ते त्याला पाठ आहे. पहिला घोट घेऊन त्याने तोंड वेडंवाकडं केलं.

"चार-पाच दिवस झाले, चहा गरम असतो आणि जीभ गार पडते," तो म्हणाला. "डॉक्टरनं नव्या गोळ्या दिल्यात ना. म्हातारपण हे असं."

फेरेटना खायला काय देतोस, ते मी विचारलं. मांस, अंडं, पाणी, असं त्याने घडाघडा सांगितलं. मीच पढवलेलं होतं.

"गोड काही?"

"छे," तो किटलीकडे बघत म्हणाला. "तू सांगितल्यापासून नाही."

तेवढ्यात माझा फोन वाजला. दवाखान्यातून डॉक्टर समीना बोलत होती. पर्ल जिवंत होती. आणि तिला झालं होतं ते उंदराच्या विषाने झालेलं नव्हतं.

३

उंदराच्या विषाने रक्त वाहायला लागतं, असं समीनाने मला समजावलं. पर्लच्या अंगात कुठेही रक्तस्राव नव्हता. तिच्या रक्तातली साखर मात्र तळाला गेली होती. साखरेचं सलाईन लावल्यावर झटके थांबले, पण यकृत बिघडलं होतं आणि दोन दिवस तिचं काहीच सांगता येत नव्हतं.

"म्हाताऱ्या फेरेटना साखर उतरायचा आजार होतो, ते तुम्हाला माहीतच आहे," ती म्हणाली. "पण डोरीनबाई, दोघींना एकाच रात्री? त्यांच्या पोटात काहीतरी गेलंय. ते काय, ते तुम्ही शोधा. मला कळलं तर तिसरीला तरी वाचवता येईल."

तिसरीने एव्हाना माझ्या स्वयंपाकघरातला लाकडी चमचा पळवून सोफ्याखाली नेला होता. एकाच पिंजऱ्यात झोपणाऱ्या, एकाच थाळीतून खाणाऱ्या तिघी. दोघींना बाधलं आणि हिला नाही. असं काय होतं जे त्या दोघींना मिळालं आणि हिला नाही? हा प्रश्न मला चपलेत खडा अडकावा तसा दिवसभर टोचत राहिला.

मंगळवारी मी लेनर्डकडे गेले. तो ढाबळीत होता, अंगाखांद्यावर पिसं, हातात दाण्यांचा डबा. मी का आले ते त्याला माहीत होतं. त्याने आपणहून वरच्या फळीवरची पत्र्याची पेटी काढली. आत उंदराच्या विषाचं पाकीट होतं, दुकानातून आणलं तसंच बंद.

"बोललो होतो मी," तो म्हणाला. "मी तर बिशपलाही विष घालीन म्हणालो होतो, तो अजून पाव खातोय."

"मग हे आणलंस कशाला?"

"उंदरांना. पण उघडवेना. एखादं पाखरू चुकून दाणा उचलील, या भीतीनं."

एवढं बोलून तो कबुतरांकडे वळला. पाठमोऱ्यानेच त्याने विचारलं की एनॉक जेवतोय ना, त्याच्याकडे कुणी बसतंय ना. ज्या माणसाच्या चिठ्ठीने आपली ढाबळ जाणार, त्याची चौकशी तो करत होता. त्याचं नाव मी मनातून खोडलं. अशा कामात मनाचं ऐकू नये म्हणतात, पण पाकीटही बंद होतं, आणि समीनाने ते विष आधीच बाद केलं होतं.

निघताना त्याने एक गोष्ट सांगितली. गेल्या गुरुवारी एनॉकची मुलगी लॉरेन नेहमीपेक्षा लवकर आली होती. अर्धा तास ती स्वयंपाकघरातून बाटल्या आणि बरण्या आणून कचऱ्याच्या डब्यात टाकत होती. इकडेतिकडे बघत, घाईघाईत.

"एनॉक तेव्हा क्लबात होता," लेनर्ड म्हणाला. "तिला बापाला आपल्या घरी न्यायचंय, डोरीन. आणि तिच्या घरात फेरेटना बंदी आहे."

४

बुधवारी मी लॉरेनच्या दारात उभी राहिले. दाराजवळच गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायच्या निळ्या पाण्याची बाटली होती. ते पाणी गोडसर लागतं आणि जनावरं आवडीने चाटतात, त्यांची मूत्रपिंडं जातात. बाटली अर्धी होती. मी ती उचलून बघितली, पण समीनाचा शब्द आठवला. इथे साखर उतरली होती, मूत्रपिंडांना काही झालं नव्हतं.

लॉरेनचे डोळे सुजलेले होते. तिचा छोटा कुत्रा टफी माझ्या बुटांवर चढून नेटलचा वास घेत होता.

"मावशी, लोक काय बोलतात ते मला कळतं," ती म्हणाली. "घराला वास येतो म्हणून मी कटकट करते, खरंय. बाबांनी इथं यावं असंही वाटतं. पण ती आईची डॉट होती. तिला मी हात लावीन का?"

मी विचारलं, गुरुवारी बाटल्या कसल्या फेकल्यास? ती ओशाळली. एनॉकच्या रक्तात साखर वाढली होती, डॉक्टरांनी गोड बंद सांगितलं होतं आणि तो कपाटात मुरंबे लपवत होता. म्हणून तो घरी नसताना तिने सगळं गोड बाहेर काढलं. बिस्किटं, मुरंबा, जेली, सगळं.

हे बोलता बोलता तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि टेबलावरची एक बरणी बाजूला सरकवली. बरणीवर झाड होतं. पांढऱ्या बुंध्याचं.

मी खिशातला तुकडा काढला आणि बरणीशेजारी ठेवला. दोन्ही झाडं अगदी एकच.

"ही बर्च झाडाची साखर," लॉरेन म्हणाली. "मधुमेहवाल्यांना चालते. आईचा पाकाचा डबा मी फेकला असता तर बाबांनी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून तो धुतला आणि अशाच दुसऱ्या बरणीतला हिचा पाक त्यात भरून ठेवला. त्यांना अजून पत्ताही नाही. तुम्ही सांगू नका हं."

मी चमच्याच्या टोकावर बरणीतला थोडा पाक घेऊन जिभेला लावला. गोड होता, अगदी साखरेसारखा. आणि लगेच जीभ गार पडली.

म्हणजे एनॉकच्या चहाचं कोडं सुटलं. पण फेरेट चहा पीत नाहीत, डब्याचं झाकण त्यांना उघडत नाही, आणि एनॉक त्यांना गोड देत नाही. डब्यातला पाक डॉटच्या पोटात पोचला कसा?

५

उत्तर नेटलने दिलं, तेही चावून.

गुरुवारी सकाळी तिची नखं कापायचा दिवस होता. तिची नखं नेहमी मीच कापते, कारण एनॉकला ती कापूच देत नाही. फेरेटची नखं कापायची आमच्याकडे एकच रीत. तिला मांडीवर उताणी घ्यायची आणि पोटाच्या केसांवर माशाच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे. ती पोट चाटण्यात गुंग होते, तेवढ्यात आपण पंजे उरकायचे.

मी तेल सोडलं. नेटलने एकदा माझ्या बोटाची खबर घेतली आणि मग चाटायला लागली. केस ओले झाले आणि त्यांच्या बटा झाल्या.

नेलकटर माझ्या हातातच राहिलं.

डॉटच्या पोटावर अशाच बटा होत्या. उलटी तोंडाशी आणि छातीवर लागते, पोटाच्या मधोमध नाही. आणि नखं नुकतीच कापलेली होती. रविवारी संध्याकाळी एनॉक नखं कापतो, डॉटची आणि पर्लची. पण माशाचं तेल बटा करतं, चिकटवत नाही. डॉटचे केस चिकट होते.

जुन्या खाणवाल्यांच्या घरी माशाचं तेल कुठलं? ते पोटावर पाकाचं बोट फिरवायचे. एनॉकच्या बापाने तेच केलं, एनॉकनेही. गोडाने फेरेटला आजार होतो म्हणून मी चार वर्षांपूर्वी त्याला क्लबात सगळ्यांसमोर झापलं होतं. तेव्हापासून तेल वापरतो, असं तो मला सांगत आला होता. किटलीकडे बघत.

मी समीनाला फोन करून बर्चच्या साखरेचं विचारलं. ती म्हणाली की माणसाला ती चालते, पण कुत्र्याच्या शरीराला तीच साखर फसवते. रक्तातली खरी साखर झपाट्याने उतरते आणि मग यकृत जातं. फेरेटलाही तसंच होतं, असं धरून चालायचं. इवलंसं जनावर, बोटभर पाकसुद्धा पुरे.

पर्लचंही तिने सांगितलं. सकाळपासून ती खायला लागली होती. वाचणार होती.

मी नेटलला बास्केटमध्ये घातलं आणि एनॉककडे निघाले. गुन्हेगार सापडल्यावर माणसाला बरं वाटतं, असा माझा समज होता.

६

त्याने सगळं उभ्यानेच ऐकलं. मी डब्याबद्दल सांगितलं, पाकाबद्दल सांगितलं. डबा कुणी भरला ते सांगायची गरज पडली नाही. त्या घरात विनीच्या डब्याला हात लावणारी दुसरी कुणी नव्हतीच.

"रविवारी डॉटनं दोनदा मागितलं," तो म्हणाला. "मी दिलं. म्हणजे माझ्याच हातानं."

"मी तुला तसं सगळ्यांसमोर झापलं नसतं तर तू माझ्यापासून लपवलं नसतंस," मी म्हणाले. ते बोलायला मला फार जड गेलं. "लपवलं नसतंस तर डॉटचं पोट बघताक्षणी मला कळलं असतं. तुझे चार दिवस लेनर्डला शिव्याशाप देण्यात गेले नसते."

"हो. तू फार ओरडतेस," एनॉक म्हणाला, आणि खुर्चीवर बसून लहान मुलासारखा रडला.

नंतर त्याने तोंड धुतलं. कमिटीच्या सेक्रेटरीला फोन करून चिठ्ठी मागे घेतली आणि मफलर न घालता कुंपणाशी गेला. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. लेनर्डने हातातला दाण्यांचा डबा खाली ठेवला एवढं खिडकीतून दिसलं. थोड्या वेळाने दोघं मागच्या दाराने आत आले. लेनर्ड विनीच्या नेहमीच्या जागेच्या शेजारी बसला, तिथेच तो आधीही बसायचा.

"शिकारीत तुझ्या डॉटचा हात धरणारी दुसरी नव्हती," तो म्हणाला. "तिनं मारली ती माझी मादी काही ऐरीगैरी नव्हती."

लॉरेन दर गुरुवारी चारला येते. काय सांगणार, असं मी एनॉकला विचारलं. तिच्या घरी तीच बरणी होती आणि तिच्या घरी टफी होता. गप्प राहून चालणार नव्हतं.

"ते मी बघतो," तो म्हणाला. "तुम्ही दोघांनी तोंड उघडायचं नाही."

ती आली. लेनर्डला तिथे बसलेला बघून आधी चपापली, मग तिचा चेहरा उजळला. एनॉकने तिला कोटही काढू दिला नाही.

"तो झाडाच्या साखरेचा पाक," तो म्हणाला. "मला चवीवरून कळलं, मी काही खुळा नाही. समीनाबाई म्हणतात, कुत्र्यांना ते विष आहे. घरी गेलीस की पहिल्यांदा फेकून दे. इथला मी फेकला. यापुढं मी बिनसाखरेचा पिईन, शपथ."

लॉरेनने टफीला झटकन उचलून छातीशी धरलं. बरणी रोज टेबलावर उघडी असते, ती म्हणाली, हा खुर्चीवर चढून टेबल चाटतो. तिचा हात कुत्र्याच्या पाठीवरून भराभर फिरत होता. मग तो थांबला.

"बाबा, मग डॉट कशानं गेली?"

"वयानं," एनॉक म्हणाला. "आठ वर्षांची होती. फेरेटला ती पुष्कळ झाली."

"आणि पर्ल?"

"तीही काही पोर नाही. पण ती येतेय घरी."

लॉरेनने मोठा श्वास सोडला. लेनर्डने मांडीवरची टोपी उलटी केली आणि तिच्या अस्तराकडे बघत बसला. उभ्या आयुष्यात इतका वेळ मी गप्प राहिले नव्हते.

"नशीब बाबा," लॉरेन म्हणाली, "तुम्ही फेरेटना गोड देत नाही ते."

एनॉकने माझ्याकडे बघितलं.

"डोरीन देऊ देते होय," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी कप काढायला उठला.